दिगूच्या गाडीचा विमा

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवासमोर हात जोडतानाही शब्दांत कधी उच्चारली नाही — तिथेसुद्धा मी मोघम बोलते, चुकलं-माकलं म्हणते आणि पुढे सरकते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे, पण कुठून सुरू करू ते कळत नाही. दिगूपासून करू का? की सुर्लापासून?

सुर्लापासूनच करते. तिथे मला बरं वाटतं.

आमचं मूळ घर पेडणे तालुक्यातलं, पार्स्याचं. पण माझे बाबा डिचोलीकडे सुर्लाला खाणीवर कामाला होते, काट्यावर. खनिज भरलेले ट्रक आधी काट्यावर वजनाला उभे राहायचे आणि मग जेटीच्या रस्त्याला लागायचे. आम्ही कंपनीच्या खोल्यांत राहायचो. एका लांबलचक पत्र्याखाली सगळी बिऱ्हाडं, आणि सगळ्या बिऱ्हाडांवर एकच लाल धूळ. आई कपडे दोरीवर घालायची ते पांढरे आणि काढायची ते गुलाबी. आमच्या पाठ्यपुस्तकांच्या कडा लाल, केसांच्या रेबिनी लाल. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून भोंगा वाजवत यायचा, तेव्हा त्याच्या टोपलीवरचं मेणकापडसुद्धा लाल असायचं. आतले उंडे मात्र गरम आणि स्वच्छ. त्या धुळीचा त्रास वाटायला हवा होता, नाही का? मला अजून तिचा वास आला की पोट भरल्यासारखं वाटतं.

शेजारच्या खोलीत दिगंबर. त्याचं कुटुंब सिंधुदुर्गातलं, दोडामार्गाकडचं. त्याचे वडील ट्रक चालवायचे. तो माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, पण शाळेत माझ्या पुढे एकच यत्ता, कारण मध्येच तो वडिलांबरोबर ट्रकात बसून जायचा आणि शाळा राहायची. मला तो 'बाय' म्हणायचा. मी त्याला दिगू. मला भाऊ नाही. त्याला बहीण नव्हती. पण आम्ही त्या नात्याला कसलं नाव दिलं नाही, ओवाळणं-बिवाळणं केलं नाही. शेजारी होतो एवढंच. आणि तेवढं पुष्कळ होतं.

मला मोटारसायकल शिकवली ती दिगूनं. रविवारी ट्रक बंद असायचे. वरचं पठार मोकळं पडायचं — लाल, सपाट, उन्हानं भाजलेलं. त्याच्या वडिलांची एक जुनी जड गाडी होती, तिचा स्टँड काढताना माझं सगळं अंग वाकडं व्हायचं. दिगू मागचा कॅरियर धरून धावायचा. क्लच हळू सोड, हळू, असं ओरडत. मी क्लच झटक्यात सोडायचे, गाडी गचका देऊन बंद पडायची आणि तो येऊन माझ्या पाठीवर आपटायचा. एका रविवारी मागून त्याचा आवाजच येईना. मी मान वळवून पाहिलं तर तो खूप मागे उभा होता, कमरेवर हात ठेवून, आणि हसत होता. मी एकटीच चालवत होते. आमच्या खोल्यांतली मोटारसायकल चालवणारी पहिली मुलगी मी. आईला ते आवडलं नाही, बाबांना आवडलं, पण त्यांनी दाखवलं नाही.

बघा, मी पुन्हा तिथेच रमले. सांगायचं ते राहूनच जातं. माझं नेहमी असंच होतं — आणि मुळात जे घडलं तेही असंच घडलं.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही पार्स्याला परतलो. माझं लग्न तालुक्यातच झालं. मी पेडण्याच्या बाजारात एक छोटी खोली भाड्यानं घेतली आणि विम्याची एजंट झाले. जास्त करून गाड्यांचा विमा. एक टेबल, एक कॉम्प्युटर, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर आणि गिऱ्हाइकासाठी एक लाकडी कदेल, म्हणजे खुर्ची, जिचा एक पाय आखूड होता. दिगू तिकडे सुर्लालाच राहिला. वडिलांनंतर ट्रक त्याच्याकडे आला. त्यानं लग्न केलं, त्याला एक मुलगी झाली. चतुर्थीला एखादा फोन, कुणाच्या लग्नात भेट, एवढंच उरलं होतं. मग खाणी बंद पडल्या. पुन्हा चालू होणार म्हणत म्हणत लोकांनी किती काळ वाट पाहिली ते तुम्हाला ठाऊक असेल. दिगूचा ट्रक दारातल्या फणसाखाली उभा राहिला, टायर बसले, टपावर पाला साचला. शेवटी तो भंगारात गेला.

आणि एके दिवशी दिगू माझ्या ऑफिसच्या दारात उभा. डोक्यावर हेल्मेट आणि पाठीला ती चौकोनी, मोठी पिशवी — तुम्ही पाहिली असेल, खाण्याची पार्सलं पोचवणाऱ्यांची असते तशी. इतकी मोठी की दारातून आत येताना तो आडवा झाला. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात पर्यटकांना जेवण पोचवायचं काम त्यानं धरलं होतं. कोरगावात एक घर भाड्यानं घेऊन बायको-मुलीला इकडे आणलं होतं. मोटारसायकल नवी होती आणि तिचा विमा करायचा होता. दुसऱ्या कुणाकडे कशाला जाऊ, बाय असताना, असं म्हणाला.

त्या दुपारविषयी मला नीट सांगायला हवं. कारण सगळं तिथेच आहे.

तो पिशवी कोपऱ्यात ठेवून त्या आखूड पायाच्या खुर्चीवर बसला आणि खुर्ची डुगडुगली तसे आम्ही दोघंही हसलो. मी समोरच्या हॉटेलातून पाव आणि पातळभाजी मागवली. आणि मग आम्ही बोलायला लागलो. काट्यावरचा बाबांचा आरडाओरडा. गुलाबी कपडे. शाळेतले मास्तर, जे धुळीमुळे खडूऐवजी बोटानंच टेबलावर बेरजा लिहून दाखवायचे. पठारावरची गाडी. मला आठवत नव्हतं ते त्याला आठवत होतं, त्याच्या लक्षात नव्हतं ते माझ्या. किती वर्षांनी मी तशी हसले असेन? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कुणाचीतरी बायको, कुणाचीतरी आई, बाजारातली एजंटबाई — यातलं काहीच नव्हते मी तासभर. सुर्लातली बाय होते.

आणि या सगळ्यात, अधूनमधून, मी त्याच्या गाडीचा विमा करत होते.

आता तुम्हाला एक साधी गोष्ट सांगते. मोटारसायकलचा आपला नेहमीचा जो विमा असतो तो घरगुती वापरासाठी असतो. त्या गाडीवरून पैसे घेऊन माल पोचवायचा असेल तर तो चालत नाही. वापर वेगळा सांगावा लागतो, त्याचा विमा वेगळा, त्याला वर विचारावं लागतं, दोन-चार फेऱ्या होतात, थोडे जास्त पडतात. हे मला माहीत होतं का? होतं. एजंट होण्याच्या परीक्षेतच होतं ते. कंपनीची माणसं तर त्या काळात बैठकीत बजावून सांगत होती, कारण किनाऱ्यावर हे काम करणारे वाढले होते. आणि दिगू काय करतो हे मला माहीत होतं का? ती पिशवी माझ्या टेबलाला टेकून उभी होती.

मी घरगुती वापर असं भरलं आणि त्याला काही बोलले नाही.

का? मी याचं उत्तर इतक्यांदा शोधलं आहे. कंटाळा होता, हे खरं. महिनाअखेर होती आणि वर विचारत बसलं असतं तर काम पुढच्या महिन्यात गेलं असतं, हेही खरं. पण खरं कारण याहून लहान आहे — ती दुपार मोडायची नव्हती मला. 'दिगू, उद्या तुला अपघात झाला तर' असं वाक्य त्या हसण्याच्या मध्ये ठेवायचं नव्हतं. मला वाटलं, पुढच्या वेळी सांगू. नूतनीकरणाला सांगू. किती गोड कारण, नाही? पण कमिशन मी घेतलं. तेवढ्यापुरती मी एजंट होते.

काजूचा हंगाम संपत आला होता तेव्हा अपघात झाला. भर दुपारी. कोरगावच्या एका वळणावर, जिथे दोन्ही बाजूंना काजूच्या बागा आहेत आणि बोंडांचा आंबूस वास रस्त्यावर येतो. पार्सल पोचवून दिगू परत येत होता. समोरून भाड्याची जीप आली, वळणावर त्याच्या बाजूला आली, त्याला घासून गेली आणि थांबली नाही. कुणाची, कुठली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बागेत बोंडं वेचणाऱ्या बायका धावत आल्या. त्यांतल्या एकीनं आपलं लुगडं फाडून त्याचा पाय बांधला. त्या बाईमुळे तो जगला असं डॉक्टर म्हणाले. डोक्यालाही मार होता, हेल्मेट असूनही. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मी रोज जात होते. हे सांगते ते स्वतःचं कौतुक म्हणून नाही. मी रोज जात होते कारण मला घरी बसवत नव्हतं. मला ठाऊक होतं पुढे काय येणार आहे.

मोटारसायकलच्या विम्यात गाडीची भरपाई असते, तसाच मालकाचा स्वतःचा अपघात विमाही असतो. हात गेला, पाय गेला तर काहीतरी हाती येतं. त्या 'काहीतरी'वर दिगूची बायको सुलभा आशा लावून बसली होती. विमा कंपनीनं चौकशीला माणूस पाठवला. त्यानं वळणावर सापडलेल्या पिशवीचे फोटो घेतले, हॉटेलवाल्याला विचारलं. काही दिवसांनी नकार आला — गाडी धंद्यासाठी वापरात होती, सबब दावा मान्य नाही. पार्सलवाल्या कंपनीचाही कसला तरी अपघात विमा होता, पण तो पार्सल पोचवेपर्यंतच लागू, आणि दिगू पोचवून परत येत होता. एकानं सांगितलं, तो कामावर होता. दुसऱ्यानं सांगितलं, तो कामावर नव्हता. आणि पाय तर गेलेलाच होता.

आता ते सांगते.

हॉस्पिटलातली सकाळ होती. दिगू खाटेवर, पाठीला उशी लावून बसवलेला. सुलभा पायथ्याशी. तिचा भाऊ दोडामार्गाहून आला होता, रागीट माणूस, पण त्याचा राग रास्त होता. आणि दिगूबरोबर काम करणारे दोघेतिघे दारापाशी उभे होते. मी त्यांच्यासाठी पेज आणली होती. डबा अजून माझ्या हातातच होता. सुलभाच्या भावानं मला विचारलं. आवाज चढवून नाही, अगदी सावकाश. तुम्ही एजंट. हा काय काम करतो ते तुम्हाला माहीत होतं. ह्या कामाला हा विमा चालत नाही हेही तुम्हाला माहीत असणार. मग तुम्ही ह्याला सांगितलं नाही?

सगळे माझ्याकडे बघत होते. दिगूसुद्धा. पण त्याचे डोळे तेव्हा धूसर असायचे, समोरचं माणूस ओळखायलाही त्याला क्षणभर लागायचं. आदल्याच दिवशी त्यानं मला विचारलं होतं की ट्रक कुठे लावला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोक्याला मार आहे, काही आठवेल, काही नाही आठवणार, त्याला ताण देऊ नका.

हे माझ्या मनात आलं. लपवत नाही — नेमकं हेच माझ्या मनात आलं. की त्याला आठवणार नाही.

"मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं," मी म्हणाले. "ही पॉलिसी डिलिव्हरीच्या कामाला चालत नाही, वेगळी घ्यावी लागेल, असं स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, नंतर बघू."

आम्ही सगळे आपसात आमच्या बोलीत बोलतो. मी पेजेचा डबा आणताना बोलीतच बोलत आले होते. पण हे मी शुद्ध मराठीत बोलले, ऑफिसात बोलते तशी, एकही शब्द न अडखळता. आणि नुसतं सांगितलं होतं म्हणून थांबले नाही. त्याच्या तोंडी एक वाक्यही घातलं. 'नंतर बघू.' त्याची गरज होती का? त्यानं माझी गोष्ट जास्त खरी वाटली, म्हणून घातलं.

सुलभानं त्याच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.  तो जनेलातून, खिडकीतून, बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "होय. तिनां सांगितल्यान हुता. मीच म्हटलंय, मगे बघूया."

सुलभा तेव्हा रडली नाही. ती रडली ती नंतर, बाहेरच्या बाकावर, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. माझा हात. ती म्हणत होती, इतकं समजावून सांगणारं माणूस असून ह्यांनी ऐकू नये? घरात मुलगी आहे हेही ह्यांच्या मनात येऊ नये? आणि मी तिला म्हणत होते, जाऊ दे वहिनी, आता त्याला काही बोलू नकोस. त्याची बाजू घेत होते मी. तुम्हाला कल्पना येते का?

मी मनाशी ठरवलं होतं की तो बरा झाला, घरी आला, की त्याला एकट्याला गाठून सांगेन. मग तो घरी आला आणि मला वाटलं, जरा चालायला लागू दे. मग तो कुबड्यांवर चालायला लागला आणि मला वाटलं, आता कशाला जुनं उकरायचं. त्या घरात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. सुलभा काजूच्या कारखान्यात जायला लागली, काजू सोलायला. टरफलांतल्या तेलानं तिची बोटं काळी पडली, कातडी निघाली. तन्वीला, त्यांच्या मुलीला, पणजीला जाऊन नर्सिंगचा कोर्स करायचा होता. ती म्हापशाला कपड्यांच्या दुकानात उभी राहिली. आणि त्या घरात प्रत्येक भांडणाच्या शेवटी एकच वाक्य यायचं. दूध उतू गेलं तरी, गॅस संपला तरी. ह्यांना सांगितलेलं ऐकायचंच नसतं. दिगू उत्तर द्यायचा नाही. मला बघून सुलभा आणखी जोरात म्हणायची, साक्षीदार असल्यासारखी.

मला तिथे जाणं सोडता आलं असतं. पण सोडलं नाही. तन्वीच्या फीसाठी मदत करते म्हणाले, तर दिगूनं नको म्हटलं. बाय, तू येतंस तेवढा पुरे, म्हणाला.

मग हळूहळू तो सावरला. कृत्रिम पाय बसला. बसून करायचं काम हवं होतं, तर तो मोटारसायकलींच्या सीटा शिवायला शिकला. पार्स्याच्या तिठ्यावर एक पत्र्याचं खोपटं घेतलं, विजेवर चालणारं शिलाई मशीन घेतलं. हात त्याचा पहिल्यापासून चांगला होता. ट्रकाची ताडपत्री तो स्वतःच शिवायचा. किनाऱ्यावर पार्सल पोचवणारी सगळी मुलं दिवसभर गाडीवर बसून असतात, त्यांच्या सीटा लवकर फाटतात. ती सगळी त्याच्याकडे यायला लागली. आणि सीट शिवता शिवता तो प्रत्येकाला विचारायचा, विमा कोणता आहे? घरगुती? मग स्वतःचा पाय दाखवायचा आणि माझं नाव सांगायचा. "थंयसर जा. ती आदी सगळां सांगता, मगे सही घेता."

माझ्याकडे एवढी माणसं पाठवली त्यानं. पेडण्यात, डिचोलीतसुद्धा, मी विश्वासाची एजंट म्हणून ओळखली जाते ते त्याच्यामुळे. माझ्या ऑफिसात आता कदेलं नवी आहेत, एक मुलगी हाताखाली आहे. आणि मी सांगते, खरंच सांगते, प्रत्येकाला. घसा बसेपर्यंत सांगते. हा विमा तुझ्या कामाला चालणार नाही, तो घे, वेळ लागला तरी चालेल. लोक म्हणतात, बाई फार प्रामाणिक. मी मान हलवते.

इथवर सांगितलं ते एक. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं त्यानंतर मला झोपेतसुद्धा हे बाजूला ठेवता येत नाही.

माझ्या स्कूटरची सीट उसवली होती म्हणून मी दिगूकडे गेले. सकाळचं कोवळं ऊन खोपटात येत होतं. त्यानं सीट काढून मशीनवर घेतली आणि आम्ही नेहमीसारखे बोलायला लागलो. सुर्ला. पठार. मास्तर. किती वेळा बोललो असू, तरी तितकंच गोड. बोलता बोलता तो म्हणाला, तुझ्या ऑफिसातलं ते लंगडं कदेल कुठे गेलं? त्या दिवशी आपण काय हसलो होतो. पातळभाजीत मिरची किती होती, मी कुठली साडी नेसले होते, माझ्या कॉम्प्युटरचा पंखा कसा घरघरत होता. सगळं एकामागून एक. मी हसत होते. आणि मग, हसतच, मान खाली घालून टाका मारताना तो म्हणाला, "आनी तू म्हटलंस, दिगू, सही कर नि जा. तुझ्यासारक्या ड्रायव्हराक काय होतला?"

मशीन थांबलं.

हे वाक्य मी बोलले होते. मी ते स्वतःपासूनही दडवून ठेवलं होतं, तुम्हालाही मघाशी सांगितलं नाही. बोलले होते मी ते, सही करायला कागद पुढे सरकवताना, कौतुकानं.

"तुका सगळां आठवता?" मी विचारलं.

"आदल्या दिसापर्यंतचा सगळा आठवता," तो म्हणाला. "अपघाताचा तेवढा नाय."

त्यानं वर पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, पण त्यानं ते पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. रिळांचा डबा पुढे ओढला.

"दोरो काळो घालू?" त्यानं विचारलं.

"काळो घाल," मी म्हणाले.

एवढंच बोलले मी. एवढंच. म्हणजे त्या सकाळी हॉस्पिटलात त्याला आठवत होतं, किंवा थोड्याच दिवसांत आठवलं होतं. माझं खोटं त्यानं ओळखलं होतं आणि तरी सगळ्यांसमोर ते आपल्या अंगावर घेतलं होतं, किंवा नंतर तसंच अंगावर राहू दिलं होतं. इतकी वर्षं बायकोचं ते वाक्य तो मुकाट ऐकत होता आणि तरीही माणसं माझ्याकडे पाठवत होता. का? मी त्याला विचारलं नाही. मैत्रीखातर असेल, दयेखातर असेल, की भांडायला अंगात बळच नव्हतं म्हणून असेल. ते त्याचं तो जाणे. त्याच्याकडून ते काढून घ्यायचाही मला हक्क नाही.

तेवढ्यात सुलभा चहा घेऊन आली. कारखान्याला सुट्टी होती. एक पोरगा सीट शिवायला द्यायला थांबला होता, त्याला तिनं विचारलं, विम्याचं केलंस का? आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या ताईंचा ऐक. ह्येंका तेव्हाच सांगितल्यानी हुता. पण ह्येंका कोणाचा ऐकूक नको."

दिगूनं मान वर केली नाही. मशीन सुरू केलं. मी त्याच्यासमोर बसले होते. तोंड उघडायचं होतं, एवढंच होतं. सुलभाचा हात, त्या काळ्या बोटांनी धरलेला कप, माझ्यापुढे आला. मी तो घेतला आणि चहा प्यायले. साखर ठीक आहे का विचारलं तिनं. ठीक आहे म्हणाले.

सुलभावहिनी, त्यानं कुणाचं न ऐकल्यामुळे काही झालं नाही. त्याला ऐकायला मी काही सांगितलंच नव्हतं.